एकच नर्सिंग लायसन्स आणि पन्नास राज्यं: एजंट काय सांगत नाही

प्रश्न विचारणाऱ्या ताई नाशिकच्या. बीएस्सी नर्सिंग, नंतर आयसीयूचा अनुभव. एनसीएलईएक्स, म्हणजे अमेरिकेतली नर्सिंग लायसन्सची परीक्षा, न्यूयॉर्क बोर्डाकडून अर्ज करून दिली, पास झाल्या, न्यूयॉर्कचं लायसन्सही हातात आलं. नवरा एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत एडिसनला, आणि त्या आता एच-४वर, म्हणजे त्याच्या पत्नीला मिळणाऱ्या व्हिसावर, तिथे राहायला आल्या आहेत. एका एजन्सीच्या माणसाने त्यांना सांगितलं आहे, "न्यू जर्सीचं लायसन्स काढा, ते काँपॅक्टचं आहे, मग अख्खी अमेरिका मोकळी." त्यांना मॅनहटनमधल्या एका हॉस्पिटलची नोकरी मनात आहे, आणि घरबसल्या फोनवरून पेशंटना सल्ला द्यायचं काम जमेल का हेही विचारलं आहे. शेवटी एक ओळ: आपल्याकडे अशी सोय का नाही?

आधी सरळ उत्तर देते. एजंटचं बोलणं अर्धं खरं आहे, आणि खोट्या अर्ध्यात नेमकी तुमची मॅनहटनची नोकरी येते. काँपॅक्ट म्हणजे राज्यांनी एकमेकांची नर्सिंग लायसन्सं मानण्याचा करार, आणि त्यात मिळतं ते अनेक राज्यांत चालणारं मल्टिस्टेट लायसन्स. न्यूयॉर्क या करारात नाहीच. न्यू जर्सीचं मल्टिस्टेट लायसन्स पर्समध्ये ठेवून पाथ ट्रेनने हडसन नदी ओलांडली, की पलीकडच्या वॉर्डात त्याचा काही उपयोग नाही. तिथे चालतं ते आज तुमच्याकडे असलेलं न्यूयॉर्कचंच लायसन्स. म्हणजे ज्या नोकरीसाठी तो तुम्हाला नवं लायसन्स काढायला लावतो आहे, तिला ते लागतच नाही. आणि एडिसनमध्ये घराशेजारच्या हॉस्पिटलात काम करायचं तर न्यूयॉर्कचं चालणार नाही, तिथे न्यू जर्सीचंच हवं.

मी इथे बेडसाइडला बरीच वर्षं काढली, ट्रॅव्हल नर्स, म्हणजे थोड्या थोड्या मुदतीच्या कामांवर फिरणारी नर्स, म्हणून राज्यं बदलली, आणि आता कामाला येणाऱ्या नर्सेसची कागदपत्रं तपासणं हा माझ्या नोकरीचा मोठा भाग आहे. रोज दिसणारा गोंधळ एकच: लोकांना वाटतं हे देशाचं लायसन्स आहे. तसं देशाचं लायसन्स अमेरिकेत नाही. लायसन्स एका राज्याचंच असतं. करारातली बाकीची राज्यं त्या लायसन्सवर तुम्हाला आपल्याकडे काम करू देतात, इतकंच. हा सगळा करार दोन पत्त्यांवर उभा आहे: तुम्ही राहता तो, आणि उपचाराच्या वेळी पेशंट असतो तो. तुमचं कॉलेज, परीक्षेचं केंद्र, एजन्सीचं ऑफिस, पगार कुठून येतो, यातल्या कशाचाही संबंध नाही. कुठलीही शंका आली तर हे दोन पत्ते कागदावर लिहायचे, उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

हे असं का, ते थोडं सांगते, कारण कारण कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. व्यवसायाची लायसन्सं देणं हा अमेरिकेत राज्यांचा अधिकार आहे. डॉक्टरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १८८९ सालीच वेस्ट व्हर्जिनियाच्या एका खटल्यात राज्याचा हा अधिकार मान्य केला. नर्सेसच्या नोंदणीचा पहिला कायदा नॉर्थ कॅरोलायनाने १९०३मध्ये केला आणि पुढे प्रत्येक राज्याचं आपलं बोर्ड, आपली फी, आपले नियम. परीक्षा मात्र आज देशभर एकच आहे, एनसीएलईएक्स. म्हणजे टेक्सासला पास झालेली आणि ओहायोला पास झालेली नर्स एकाच पेपरातून बाहेर पडते, तरी राज्य ओलांडलं की पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा बोटांचे ठसे. याला इथे एंडोर्समेंट म्हणतात. परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही, पण आठवडे, कधी महिने जातात.

सगळ्या बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेने, म्हणजे एनसीएसबीएनने, १९९७मध्ये परस्पर मान्यतेची कल्पना उचलून धरली. मेरीलँड १९९९मध्ये पहिलं आलं, आणि १ जानेवारी २००० पासून टेक्सास, युटा, विस्कॉन्सिन अशी राज्यं सुरू झाली. अधिकारी हे ड्रायव्हिंग लायसन्ससारखं आहे असं समजावतात. महाराष्ट्राच्या लायसन्सवर आपण गोव्यात गाडी चालवतो तसंच. तुलना बऱ्यापैकी बसते, फक्त एका जागी फसते: गाडीच्या बाबतीत देशातलं प्रत्येक राज्य तुम्हाला मानतं, इथे काही मोठी राज्यं मानत नाहीत.

जुन्या करारात एक भोक होतं. प्रत्येक राज्याच्या अटी निराळ्या होत्या, गुन्ह्यांची पार्श्वभूमी सगळी राज्यं सारखी तपासत नव्हती. २०१०मध्ये प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेने दाखवून दिलं की एका राज्याने कारवाई केलेली नर्स मूळ राज्याचं बोर्ड हलत नाही तोवर तेच लायसन्स घेऊन दुसरीकडे काम करत राहू शकते. मग करार नव्याने लिहिला गेला. २०१५मध्ये मसुदा मंजूर झाला, आणि १९ जानेवारी २०१८ पासून नवा करार अमलात आला. त्यात सर्वांना सारख्या अशा अकरा अटी आहेत. त्या पुऱ्या झाल्या तरच मल्टिस्टेट. नाही झाल्या तर राज्य तुम्हाला लायसन्स देऊ शकतं, पण ते फक्त त्याच राज्यापुरतं.

आज एक्केचाळीस राज्यं, शिवाय ग्वाम आणि यूएस व्हर्जिन आयलंड्स यांनी कायदा करून ठेवला आहे. बाहेर आहेत कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय, मिशिगन, मिनेसोटा, ओरेगन, नेवाडा, अलास्का, हवाई आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी. आपली मराठी माणसं कुठे जास्त राहतात ते डोळ्यांसमोर आणा. बे एरिया, शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क सगळी बाहेर. न्यू जर्सी, टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना आत. एजंटची "अख्खी अमेरिका" ही अशी आहे.

आणि कायदा झाला म्हणजे लायसन्स लगेच मिळायला लागतं असंही नाही. पेनसिल्व्हेनियाने २०२१मध्ये कायदा केला. सप्टेंबर २०२३ पासून बाहेरच्या मल्टिस्टेट नर्सेसना तिथे काम करता येऊ लागलं. पण खुद्द पेनसिल्व्हेनियाच्या नर्सेसना मल्टिस्टेट लायसन्स मिळायला जुलै २०२५ उजाडला, कारण पार्श्वभूमी तपासणीसाठी एफबीआयची संमती अडकून पडली होती. मधली दोन वर्षं बाहेरचे येऊन काम करताहेत आणि घरचे बाहेर जाऊ शकत नाहीत, असा प्रकार. मॅसॅच्युसेट्सने २०२४च्या शेवटी कायदा केला. तेव्हा "अमुक राज्य जॉइन झालं" अशी बातमी वाचून नोकरी सोडू नका. सुरुवात कधी, हे बोर्डाच्या वेबसाइटवर पाहायचं.

आता पहिला पत्ता, तुमचा. मल्टिस्टेट लायसन्स देण्याचा अधिकार फक्त तुमच्या मुख्य निवासाच्या राज्याला आहे, आणि असं राज्य एका वेळी एकच असतं. पुरावा म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी, केंद्रीय आयकराचं विवरणपत्र, डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक दाखला) असे कागद चालतात. त्या राज्यात तुमचं घर विकत घेतलेलं आहे, एवढ्याने भागत नाही. काही जण टेक्सासला नातेवाइकांचा पत्ता देऊन मल्टिस्टेट काढायचा प्रयत्न करतात आणि राहतात कॅलिफोर्नियात. हे बोर्डाला दिलेलं खोटं निवेदन ठरतं. आयकर, गाडीचं लायसन्स आणि बोर्डाचा अर्ज या तिन्हींवर तीन पत्ते दिसले की कुणीतरी विचारतंच. पत्ता भारतातला दिला तर मल्टिस्टेटचा प्रश्नच येत नाही.

ट्रॅव्हल नर्सेसना इथे आणखी एक गोष्ट सतावते. आयकर खात्याचं "टॅक्स होम" आणि बोर्डाचं "निवासाचं राज्य" या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. राहण्याजेवणाचा भत्ता करमुक्त ठरतो की नाही ते पहिल्यावर ठरतं, लायसन्स दुसऱ्यावर. रिक्रूटर दोन्ही एकाच श्वासात बोलतात. तुम्ही वेगळं काढा.

राज्य बदललं तर? न्यू जर्सीहून नॉर्थ कॅरोलायनाला, म्हणजे करारातल्या एका राज्यातून दुसऱ्यात राहायला गेलात, तर तिथे पोचल्यापासून ६० दिवसांच्या आत नव्या राज्यात अर्ज करावा लागतो. हा नियम २ जानेवारी २०२४ पासून आहे. नवं हातात येईपर्यंत जुन्यावर काम करता येतं. नवऱ्याची कंपनी बदलली, चला शार्लटला, सामानाच्या गडबडीत हे हमखास राहून जातं, आणि मग नूतनीकरणाच्या वेळी उघडं पडतं. कॅलिफोर्नियाला राहायला गेलात तर न्यू जर्सीचं लायसन्स एका राज्यापुरतं उरतं, बाकीची मुभा संपते.

अकरा अटींपैकी पदवी, एनसीएलईएक्स, बोटांच्या ठशांवरून तपासणी, गंभीर गुन्ह्यात दोषी नसणं, लायसन्सवर चालू कारवाई नसणं या अटी भारतातून आलेल्या नर्सला सहसा त्रास देत नाहीत. त्रास देतात त्या तीन, आणि तुमच्या बाबतीत तिन्ही पाहायला हव्यात.

पहिली, सोशल सिक्युरिटी क्रमांक. मल्टिस्टेटसाठी तो लागतोच. न्यूयॉर्ककडे अर्ज करताना लागत नाही, म्हणूनच आपल्याकडच्या कितीतरी मुली परीक्षेसाठी न्यूयॉर्क निवडतात. एच-४वर नुसतं आल्याने हा क्रमांक मिळत नाही. त्यासाठी कामाची परवानगी, म्हणजे ईएडी कार्ड हवं. आणि ते एच-४ला तेव्हाच मिळतं जेव्हा नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्यासाठी केलेला अर्ज, मंजूर झालेला असतो किंवा त्याचा एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढवलेला असतो. ही सोय २०१५ची. लायसन्स म्हणजे काम करायची इमिग्रेशनची परवानगी नव्हे, हे एजंट लोक मुद्दाम अंधारात ठेवतात. न्यूयॉर्कचं लायसन्स आहे, मॅनहटनची ऑफर आहे, पण ईएडी नाही, तर एक शिफ्टही करता येणार नाही. फुकट, स्वयंसेवक म्हणून करा असं कुणी म्हणालं तरीही नाही.

दुसरी, इंग्रजीची परीक्षा. कराराची अट अशी आहे की परदेशात शिकलेल्या नर्सचं शिक्षण इंग्रजीत झालेलं नसेल, किंवा इंग्रजी तिची मातृभाषा नसेल, तर वाचन, लेखन, श्रवण, संभाषण असे चारही भाग असलेली परीक्षा पास झालेली हवी. त्या "किंवा"वर लक्ष द्या. "आमचं बीएस्सी इंग्रजी माध्यमातून झालं" हे पत्र कॉलेजकडून आणून आपण निश्चिंत होतो, पण मातृभाषा मराठी आहे ना. तेव्हा आयईएलटीएस, टोफेल, ओईटी, पीटीई यांपैकी तुमचं बोर्ड जी मानतं ती द्या. न्यूयॉर्कने ती मागितली नाही म्हणून न्यू जर्सी मल्टिस्टेट देताना मागणार नाही असं समजू नका. पुढे ग्रीन कार्डच्या वेळी व्हिसास्क्रीन, म्हणजे परदेशी नर्सेसना व्हिसासाठी लागणारं पात्रतेचं प्रमाणपत्र, करायचं असेल तर त्यातही इंग्रजीचा भाग आहे. परीक्षा निवडताना दोन्हीकडे चालेल अशीच निवडा, म्हणजे फी एकदाच जाईल.

तिसरी, शिक्षणाची पडताळणी. स्वतंत्र संस्थेने तुमची पदवी, विषय, प्रात्यक्षिकांचे तास तपासून बोर्डाला कळवायचं असतं. आपल्याकडच्या बहुतेकींनी हे सीजीएफएनएसकडून केलेलं असतं (आता तिने ट्रुमेरिट हे नाव घेतलं आहे). अडतं ते अमेरिकेत नाही, नाशिक-पुण्यातच अडतं: कॉलेजच्या कारकुनाकडे पडलेला फॉर्म, विद्यापीठाचं सीलबंद पाकीट, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून जाणारी पडताळणी. आई किंवा भाऊ तिथे असेल तर त्याला आजच कामाला लावा. न्यूयॉर्कसाठी झालेला अहवाल न्यू जर्सीला तसाच चालेल की नव्या प्रकारचा लागेल, हे बोर्डाला ईमेल करून लेखी विचारा. फोनवरच्या उत्तराला पुढे कुणी विचारत नाही.

दुसरा पत्ता, पेशंटचा. नर्सिंग तिथे घडतं जिथे पेशंट आहे, असं करार मानतो. तुमच्या घरबसल्या कामाचं उत्तर यातच आहे. तुम्ही एडिसनच्या बैठकीत हेडफोन लावून बसला आहात, फोन टेक्सासच्या आजोबांचा आला, तर न्यू जर्सीचं मल्टिस्टेट पुरतं. पुढचा फोन सॅन होजेहून आला की कॅलिफोर्नियाचं लायसन्स हवं. म्हणून टेलिहेल्थच्या मोठ्या कंपन्या नोकरीच्या जाहिरातीतच "मल्टिस्टेट, शिवाय कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय" असं मागतात. तुमच्याकडे न्यूयॉर्क आधीच आहे, ही तुमची जमेची बाजू, ती रेझ्युमेत वर लिहा. आणि टेक्सासच्या आजोबांनी जर सांगितलं की मी सध्या मुलीकडे शिकागोला आलोय, तर ते आज इलिनॉयचे पेशंट. त्यामुळे फोन उचलताना पहिला प्रश्न प्रकृतीचा नाही, "आत्ता तुम्ही कुठे आहात?" हा. ही सवय आधीपासून लावून घ्या.

सीमेवरच्या शहरांत याची खरी मजा दिसते. कॅन्सस सिटी दोन राज्यांत पसरली आहे आणि दोन्ही राज्यं करारात, त्यामुळे नर्स सकाळी मिझुरीत, संध्याकाळी कॅन्ससमध्ये. सेंट लुईसला मात्र नदीपलीकडे इलिनॉय, तिथे वेगळं लायसन्स. नॉर्थ डकोटातलं फार्गो आणि मिनेसोटातलं मूरहेड यांच्यामध्ये फक्त एक नदी आणि काही पूल, पण एक राज्य आत आणि एक बाहेर. घरी जाऊन सेवा देणाऱ्या, होम हेल्थच्या नर्सेसना तिथे दोन्ही लायसन्सं बाळगावी लागतात. कराराच्या बाजूचा सर्वात प्रामाणिक युक्तिवाद मला ट्रॅव्हल नर्सेसच्या सोयीपेक्षा या गावांत दिसतो. २०२०मध्ये कोविड आल्यावर न्यूयॉर्कसह कितीतरी राज्यांनी तातडीचे आदेश काढून बाहेरच्या लायसन्सवर काम करायची मुभा दिली. पेशंट दारात उभे राहिल्यावर ती द्यावी लागली. आणीबाणी संपली, तशी ती मुभाही गेली.

यातून एक जबाबदारी येते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मुभा दुसऱ्या राज्याची, तर कायदाही दुसऱ्या राज्याचा. नर्सने काय करायचं आणि काय नाही, कुठली घटना कुणाला कळवायची, औषधांच्या नोंदी, एलपीएनला (आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्सच्या खालच्या पातळीची नर्स) काय सोपवता येतं, हे सगळं पेशंटच्या राज्याप्रमाणे. टेक्सासमध्ये लायसन्स काढताना कायद्याची वेगळी परीक्षा घेतात. न्यू जर्सीच्या मल्टिस्टेटवर गेलेलीला ती द्यावी लागत नाही, पण तो कायदा तिला लागू मात्र पूर्ण असतो. उलट त्याच टेक्सासमध्ये "सेफ हार्बर" नावाची तरतूद आहे. पेशंटला धोका होईल असं काम किंवा इतके पेशंट तुमच्यावर टाकले, तर तसं लेखी नोंदवून तुम्ही सूडाच्या कारवाईपासून आणि बोर्डाच्या शिक्षेपासून संरक्षण मागू शकता. मात्र ते काम स्वीकारताना किंवा करताना नोंदवायला हवं, घरी जाऊन दुसऱ्या दिवशी नाही. बाहेरून आलेल्या कित्येक जणींना हे माहीतच नसतं आणि त्या मुकाट्याने जादा पेशंट घेतात. नव्या राज्यात पहिल्या ड्युटीआधी तिथला नर्स प्रॅक्टिस अ‍ॅक्ट वाचायला एक संध्याकाळ द्यावी.

शिस्तभंगाचंही तसंच. टेक्सासमध्ये चूक झाली तर टेक्सासचं बोर्ड तुमची तिथली मुभा काढू शकतं. न्यू जर्सीच्या लायसन्सला हात लावण्याचा अधिकार फक्त न्यू जर्सीला. पण तिथे प्रकरण पोचतं, आणि त्यांनी लायसन्सवर निर्बंध घातले की सगळ्या राज्यांची मुभा एकदम थांबते. ज्या दाराने चाळीस राज्यं उघडली त्याच दाराने ती बंद होतात. वेगवेगळी पाच लायसन्सं असलेल्या नर्सवरही पाचही बोर्डं कारवाई करू शकतात, पण तिथे प्रत्येक बोर्ड आपापल्या वेळाने येतं, इथे सगळं एका दिवसात. नर्सिस नावाच्या राष्ट्रीय माहितीसाठ्यात स्वतःचं नाव टाकून पाहा. कुठल्या राज्यांत तुम्हाला काम करता येतं ते तिथे फुकट दिसतं, आणि ई-नोटिफायला नोंदणी केली की लायसन्सच्या स्थितीतला बदल आणि नूतनीकरणाची तारीख ईमेलवर येते. आम्ही तपासणारे लोक एजन्सीच्या पीडीएफवर विश्वास ठेवत नाही, तिथेच पाहतो.

मग कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मिनेसोटा अडून का बसले आहेत? हॉस्पिटलवाले म्हणतात युनियनचा हट्ट. मी स्वतः मल्टिस्टेटवर पोट भरलेली बाई, तरी युनियनचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. कॅलिफोर्नियात एका नर्सकडे किती पेशंट द्यायचे याची कमाल मर्यादा कायद्याने बांधलेली आहे. कायदा १९९९चा, २००४ पासून लागू, आणि तो नर्सेसनी भांडून मिळवला. तिथल्या नर्सेसना भीती आहे ती संपाची. २०२२च्या सप्टेंबरात मिनेसोटात सुमारे १५ हजार नर्सेस तीन दिवस संपावर गेल्या. २०२३च्या जानेवारीत न्यूयॉर्क शहरात दोन मोठ्या हॉस्पिटलांतल्या सुमारे ७ हजार. अशा वेळी बदली नर्सेस आणायच्या तर त्यांच्याकडे त्या राज्याचं लायसन्स लागतं, आणि तेच हॉस्पिटलला अवघड आणि महाग पडतं. करारात गेलं की चाळीस राज्यांतून विमानं भरून माणसं आणता येतात. दुसरा आक्षेप असा की प्रशिक्षणाचे तास घरच्या राज्याच्या नियमाने मोजले जातात. कॅलिफोर्निया दोन वर्षांत ३० तास सातत्यपूर्ण शिक्षण मागतं. कमी मागणाऱ्या राज्याची नर्स शेजारच्या बेडवर तेच काम करणार, हे त्यांना पटत नाही. तिसरा, कराराचे नियम सर्व राज्यांच्या प्रतिनिधींचा आयोग करतो आणि ते राज्यावर बंधनकारक असतात, म्हणजे विधिमंडळाच्या हातातून थोडी सत्ता जाते. आणि एक आक्षेप कुणी मोठ्याने बोलत नाही, तो म्हणजे फीचं उत्पन्न.

माझं मत विचाराल तर प्रशिक्षणाच्या तासांचा आक्षेप मला पोकळ वाटतो. तीस तासांचे ऑनलाइन कोर्स कसे उरकले जातात ते आम्ही सगळ्या जाणतो. संपाचा आक्षेप खरा आहे. पण त्याचं उत्तर संपकाळातल्या बदल्यांवर वेगळा कायदा करणं हे आहे, फार्गो-मूरहेडच्या नर्सला दोन-दोन फी भरायला लावणं हे नाही. न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी बजेटमध्ये करारात जाण्याचे प्रस्ताव एकाहून अधिक वेळा ठेवले, विधिमंडळाने ते होऊ दिलं नाही. तेव्हा तुमचं न्यूयॉर्कचं लायसन्स सोडून देऊ नका, नूतनीकरण करत राहा.

उद्या नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे तपासून औषध लिहून देऊ शकणारी वरच्या पातळीची नर्स, व्हायचा विचार असेल तर त्यांना हा करार लागू नाही. तो फक्त आरएन आणि एलपीएनसाठी. वरच्या पातळीच्या नर्सेससाठी वेगळा करार २०२०मध्ये तयार झाला, तो सुरू व्हायला सात राज्यं लागतात, आणि गाडी डेलावेर, युटा, नॉर्थ आणि साउथ डकोटा या चारांवर अडली आहे. सैन्य आणि माजी सैनिकांची, म्हणजे व्हीएची हॉस्पिटलं मात्र केंद्र सरकारची, तिथे कुठल्याही एका राज्याचं चालू लायसन्स देशभर चालतं, अगदी कॅलिफोर्नियातही. फक्त व्हीए सहसा अमेरिकन नागरिकच घेतं.

आपल्याकडचं विचारलंत. भारतात १९४७च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याने मान्य पदवी कुठल्याही राज्याच्या नोंदवहीत नाव घालायला पुरेशी ठरते. पण नाव घालावं लागतंच. महाराष्ट्र कौन्सिलची नोंदणी घेऊन बेळगावला किंवा पणजीला कायमची नोकरी धरायची तर एनओसी, पडताळणी आणि तिथलं रेसिप्रोकल रजिस्ट्रेशन. म्हणजे आपण आज इथल्या एंडोर्समेंटच्या पायरीवर आहोत. कौन्सिलच्या एनआरटीएस नोंदवहीत प्रत्येक नर्सला एक राष्ट्रीय क्रमांक मिळतो, आणि २०२३च्या राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोग कायद्यात देशपातळीच्या नोंदवहीची तरतूद आहे. खरं तर एकच केंद्रीय कायदा असलेल्या देशाला पन्नास राज्यांची समजूत घालत बसायची गरज नाही. अडचण आहे ती दर राज्याच्या कौन्सिलच्या खिडकीवर, आणि ती कायद्याने कमी आणि संगणकाने जास्त सुटेल असं मला वाटतं.

तर तुम्ही काय करावं. ईएडी आहे का, आय-१४० कुठवर आलाय, हे नवऱ्याला विचारा, बाकी सगळं त्यानंतर. ईएडी असेल तर न्यूयॉर्कच्या लायसन्सवर मॅनहटनच्या मुलाखतीला खुशाल जा. सोबत न्यू जर्सीला एंडोर्समेंटचा अर्ज टाका, आणि अर्जात मल्टिस्टेट हवं असं स्पष्ट निवडा, आपोआप ते मिळेल असं धरू नका. न्यू जर्सीचं ड्रायव्हिंग लायसन्स त्याआधी काढून घ्या, निवासाचा सर्वात सोपा पुरावा तोच. इंग्रजीची परीक्षा झालेली नसेल तर ती तारीख आज बुक करा, कारण बाकी कागद वाट पाहताना ती होऊन जाते. ईएडी नसेल तर न्यूयॉर्कचं लायसन्स जिवंत ठेवा, इंग्रजी आणि पडताळणी उरकून घ्या, आणि एजन्सीला पैसे देऊ नका. बोर्डाचा अर्ज स्वतः भरता येतो. तुम्ही आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळलेत, हा फॉर्म त्याहून सोपा आहे.

एजन्सीशी करार करणारच असाल तर त्यात तीन गोष्टी शोधा: किती वर्षं बांधून घेताहेत, मधे सोडलं तर किती रक्कम मागणार, आणि कुठल्या राज्यात पाठवणार हे लिहिलं आहे का. "करारातल्या कुठल्याही राज्यात" एवढंच असेल, तर एडिसनला घर, नवरा आणि शाळेतली मुलं ठेवून तुम्हाला साउथ डकोटाला जावं लागू शकतं. राज्याचं आणि शहराचं नाव घालून मागा. दिलं नाही तर सही करू नका.